अनइन्शुअर्ड मोटरिस्टचं कव्हर काढू नकोस

कॅलिफोर्नियात पहिली गाडी घेतोयस, तर विमा कंपनीचं कोट (हप्त्याचा अंदाज) हातात येताच आधी ‘अनइन्शुअर्ड मोटरिस्ट’ची ओळ बघ. विमा नसलेल्या ड्रायव्हरने तुला धडक दिली, तर तुझ्या दुखापतीचा खर्च तुझ्याच पॉलिसीतून देणारं हे कव्हर. महिन्याचे थोडे डॉलर वाचवायला नवीन आलेली मंडळी नेमकं हेच कव्हर काढून टाकतात. कंपनीला ते देऊ करावंच लागतं. नको असेल तर तुझी लेखी सही लागते. ती सही करू नकोस, एवढं माझं ऐक.

धडक देणाऱ्याकडे विमा असला तरी तो पुरेल असं नाही. १ जानेवारी २०२५पासून इथली विम्याची किमान मर्यादा एका जखमी माणसामागे ३०,००० डॉलर आहे. आधी तर १५,०००च होती. हाड मोडून शस्त्रक्रिया झाली की हे पैसे कुठच्या कुठे संपतात. पुढचा खर्च याच कव्हरच्या ‘अंडरइन्शुअर्ड’ (समोरच्याचा विमा अपुरा पडला तर) भागातून मिळतो, पण मेख अशी की समोरच्याच्या विम्यातून आलेली रक्कम तुझ्या मर्यादेतून वजा होते. तुझी मर्यादा ३०,००० आणि त्याच्याकडूनही तेवढेच आले, तर तुझ्या पॉलिसीतून शून्य. म्हणून निदान एक लाख/तीन लाख डॉलर (एका माणसामागे/एका अपघातामागे) घे. त्यासाठी लायबिलिटीही (तुझ्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरणारं कव्हर) तेवढी ठेवावी लागेल, ती ठेवच.

कोणी धडक देऊन पळालं तर २४ तासांच्या आत पोलिसांना कळव. पायी चालताना उडवलं तरी हे कव्हर तुला लागू होतं. भारतातून आलेले आई-बाबा तुझ्या गाडीत बसलेले असतील तर त्यांनाही.

गाडीच्या दुरुस्तीला मात्र यातून जास्तीत जास्त ३,५०० डॉलर मिळतात, तेव्हा कोलिजन (धडकेत तुझ्या गाडीचं झालेलं नुकसान भरणारं कव्हर) वेगळं घे.