आधी जीएनएम की थेट बी.एस्सी. नर्सिंग?

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे येणाऱ्या मुली आणि त्यांचे पालक एक प्रश्न हमखास विचारतात: आधी जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, करून नोकरीला लागावे आणि पुढचे शिक्षण नंतर घ्यावे, की थेट बी.एस्सी. नर्सिंगला जावे? वरकरणी हा माहितीचा प्रश्न आहे. परंतु सगळी माहिती मिळूनही तो सुटत नसेल, तर त्याच्या तळाशी वेगळेच काही असते. याचे एक उदाहरण, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे देत आहे.

मुलगी विज्ञान शाखेची होती. बी.एस्सी.साठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी मिळून लागणाऱ्या 45 टक्क्यांची अट ती सहज पूर्ण करत होती. तरीही "घरावर चार वर्षांचा भार नको, मॅडम, जीएनएम झाले की तीन वर्षांत कमवायला लागेन," हे तिचे पालुपद होते. शेजारी बसलेली आई त्यावर एकदाही होकार देत नव्हती.

जीएनएमची 3 वर्षे आणि त्यानंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची 2, म्हणजे त्याच पदवीला एकूण 5 वर्षे लागतात, हे तिला माझ्याइतकेच ठाऊक होते. म्हणून पुढच्या एका भेटीत मी हिशेब बाजूला ठेवला.

"फीची पूर्ण सोय झाली आहे, असे घटकाभर धरू. मग कोणता अर्ज भरशील?"

"तरी जीएनएमचाच."

"मग अडचण पैशांची राहिली का?"

ती बराच वेळ गप्प राहिली. नंतर म्हणाली, "बी.एस्सी.ला नापास झाले, तर लोक म्हणतील, झेपत नव्हते तर गेली कशाला? जीएनएमला तसे कोणी नापास होत नाही ना?"

"होतात गं," आई पटकन म्हणाली, "तुझी मावशीच दोनदा बसली होती."

मुलगी हसली आणि त्या हसण्याबरोबर तिचा ताठरपणाही सैल झाला. माणसाला परिस्थितीपेक्षा "मला अपयश येताच कामा नये" हा स्वतःचाच हट्ट अधिक छळतो, अशी माझी जुनी धारणा आहे, आणि येथे त्या हट्टाने काटकसरीचा वेश घेतला होता. शरीररचनाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र दोन्हीकडे असतात. रात्रपाळ्याही दोन्हीकडे असतात. ज्या भीतीपासून ती पळत होती, ती जीएनएमच्या वर्गातही तिच्या शेजारीच बसणार होती. हे मी सांगण्याआधी तिने स्वतः मांडले, याचे मला विशेष समाधान वाटते. तिने दोन्ही अर्ज भरले, बी.एस्सी.चा आधी, आणि तेथेच प्रवेश घेतला.

यावरून जीएनएम कमी प्रतीचे आहे, असे मात्र कोणी समजू नये. जीएनएम आणि बी.एस्सी. या दोन्हींनंतर परिचर्या परिषदेकडे नोंदणी परिचारिका व प्रसाविका म्हणूनच होते. वेगळी नोंदणी असते ती 2 वर्षांच्या एएनएमची, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका अभ्यासक्रमाची, आणि पालक नेमका हाच फरक विसरतात. एएनएमनंतर जीएनएमला जाता येते, पण तेथील 3 वर्षे पूर्ण करावीच लागतात. त्यामुळे "सुरुवातीला एएनएम" हा सल्ला मी सहसा देत नाही. घरातील कमावते माणूस अंथरुणाला खिळले असेल किंवा बारावी कला शाखेतून झाली असेल, तर जीएनएमच योग्य, असे मी निःसंकोच सांगते. अशा मुलींनी पहिली नोकरी मात्र विचारपूर्वक निवडावी, कारण एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी जीएनएम उमेदवाराला किमान 50 खाटांच्या रुग्णालयातील 2 वर्षांचा अनुभव लागतो आणि घराजवळच्या दहा खाटांच्या नर्सिंग होममधील नोकरी तेथे धरली जात नाही.