मोठ्या माणसांना इंग्रजी वाचायला शिकवताय? आधी हे बघा

ताई, मावशींना इंग्रजी वाचायला शिकवायला घेतलंत हे फार छान केलंत, पण एबीसीडीच्या गाण्यांचे व्हिडिओ नका लावू, पन्नाशीच्या बाईला ते लाजिरवाणं वाटतं आणि ती यायचीच बंद होते. मराठी नीट वाचतात ना? मग सरळ स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट उघडा. प्रथम बुक्स या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेची आहे, 2015 पासून, पूर्ण फुकट, गोष्टी चार लेव्हलच्या आणि बऱ्याच गोष्टी मराठीत पण आहेत इंग्रजीत पण, आधी मराठीतून वाचून घ्यायची म्हणजे अर्थ डोक्यात बसलेला असतो, मग इंग्रजी शब्दाला माणूस एवढं बिचकत नाही. रीडअलाँगवाल्या घ्या, आवाजाबरोबर शब्द हायलाइट होत जातो, त्यावर बोट फिरवायला सांगा. पुस्तकं मुलांसाठीची आहेत हे खरं, म्हणून ससे-राजकन्या सोडा, बाजार, पाणी, कामधंदा असले विषय निवडा.

थोडा हात बसला की न्यूज इन लेव्हल्स ही बातम्यांची वेबसाइट. एकच बातमी तीन पातळ्यांवर असते, पहिलीत अगदी नेहमीचेच शब्द. बीबीसीचा सिक्स मिनिट इंग्लिश हा ऐकायचा कार्यक्रम उत्तम आहे पण आत्ता नको, तो स्पीड झेपणार नाही.

आणि रोज एक तरी घरातली गोष्ट वाचून घ्याच, गॅस बुकिंगचा मेसेज, गोळ्यांच्या पाकिटावरची एक्सपायरी, काहीही.