ऑटिझम असलेल्या मुलांना शिक्षकांनी नीट समजून कसं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय, सातवीतला मुलगा एरवी शांत असतो, पण मधूनच ‘काहीही कारण नसताना’ वही भिरकावतो. त्या तीन शब्दांसाठी हे उत्तर.

कारण असतं. फक्त ते वही उडाली त्या मिनिटात सापडत नाही. असा दिवस उलटा वाचून बघा. खेळाचा तास रद्द झाला, हे ऐन वेळी कळलं. बदली शिक्षक आले. ट्यूबचा चोक सकाळपासून गुणगुणतोय. मग एका दमात हुकूम: ‘वही काढा, तारीख घाला, समास सोडा, फळ्यावरची उदाहरणं उतरवा.’ मूल अजून तारखेपाशीच. तेवढ्यात तीच सूचना वेगळ्या शब्दांत, वरच्या पट्टीत. त्याच्यासाठी ती नवी सूचना, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. मग पाठीवर हात पडतो. वही उडते. नोंद काय होते? ‘हात लावल्यावर चिडला.’

ऑटिस्टिकला मराठीत ‘स्वमग्न’ म्हणतात, त्या शब्दानेही पुष्कळ घोळ घातलाय. मूल आपल्यातच बुडालंय असं वाटतं. बरेचदा बाहेरचं सगळं एकदम आत घुसत असतं.

तेव्हा आधी दोन आठवडे नोंद ठेवा. वेळ, आधीच्या तासाभरात काय बदललं, आवाज किती होता, नेमकं काय केलं, नंतर काय झालं. ‘हट्ट केला’ ही नोंद नाही, ते तुमचं मत. ‘कान झाकले, वही फेकली, 6 मिनिटं बाकाखाली’ ही नोंद. शेवटचा रकाना सगळेच गाळतात, आणि गोम तिथेच असते: दर वेळी लेखनाच्या तासालाच वर्गाबाहेर पाठवलं जात असेल, तर त्याला त्या लेखनातून सुटका हवी आहे. मग लेखन का जड जातं ते बघा.

वेळापत्रक बाकावर चिकटवा. बदल असेल तर सकाळीच जुना तास त्याच्यासमोर खोडून शेजारी नवा लिहा. गुपचूप कागद बदललात तर त्या वेळापत्रकावरचा विश्वास गेलाच. सूचना एका वेळी एक, आणि फळ्यावर लिहून. मग मनात दहा आकडे मोजा. शिक्षकांना हे सगळ्यात अवघड जातं. पुन्हा सांगायचंच झालं तर अक्षरशः तेच शब्द. ‘वही काढतोस का?’ याला ‘नाही’ हे उत्तर उद्धटपणाचं नाही, प्रश्नच तसा होता. ‘वही काढ’ म्हणा.

स्फोट झालाच तर बोलणं बंद. ‘काय झालं? का केलंस?’ हे त्या वेळी आणखी आवाजच. इतर मुलांना लांब करा, दिवे घालवा, थांबा. अर्धा तासही लागेल. माफी लगेच मागायला लावू नका.

आणि स्टाफरूममधला तो कधीच न मिटणारा वाद: ‘माझ्याकडे बघत नाही म्हणजे लक्ष नाही.’ साफ चूक. कित्येक ऑटिस्टिक प्रौढ स्वतः सांगतात की डोळ्यांत बघायचं म्हटलं की ऐकणं बंद पडतं. लक्ष तपासायचंय ना? शिकवलेल्यातला प्रश्न विचारा. ‘डोळ्यांत बघ’ म्हणून तुम्हाला समाधान मिळतं, मुलाच्या हातून तुमचं वाक्य निसटतं. स्वतः ऑटिस्टिक असलेले संशोधक डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये मांडलं की न समजण्याची ही अडचण ऑटिस्टिक आणि इतर माणसं, अशा दोन्ही बाजूंची असते. आपण मात्र दुरुस्ती एकाच बाजूची काढून ठेवलीय, तीही बारा वर्षांच्या पोराकडून.

हे सगळं प्रत्येकाला जसंच्या तसं लागू पडणार नाही. काही मुलांना आवाज हवा असतो, ती स्वतःच बाक वाजवतात. काही, विशेषतः मुली, शाळेत सगळं दाबून ठेवतात आणि घरी कोसळतात. म्हणून घरचेही रकाने मागवा. आणि वागणं अचानक बदललं असेल, तर वर्गात कारण शोधण्याआधी दात, कान, पोट डॉक्टरांना दाखवून घ्या. दुखतंय हे सांगता येत नाही, किंवा नेमकं कुठे ते उमगत नाही, अशा मुलांचं दुखणं वागण्यातूनच बाहेर येतं.