'घासाघीस करणे' म्हणजे नेमकं काय? भाव करणं आणि घासाघीस एकच का?

अगदी एकच नाही. विक्रेत्याने दोनशे सांगितले, तुम्ही दीडशे म्हणालात आणि पावणेदोनशेला सौदा पटला, तर तुम्ही भाव केलात. घासाघीस त्याच्या पुढची. भाव परवडणारा असूनही दोन-पाच रुपयांसाठी ताणत राहायचं! मेथीची जुडी वीसला ठरली, तरी 'दोन घेते, पस्तीसला द्या', मग 'बरं, वर थोडी कोथिंबीर टाका', आणि पिशवी उचलताना 'दादा, चार मिरच्या?' ही खरी घासाघीस. गंमत म्हणजे आपण करतो तो भाव, शेजारी करतात ती घासाघीस.

शब्द स्त्रीलिंगी आहे: 'बरीच घासाघीस केली तेव्हा कुठे शंभर रुपये कमी झाले.' 'इथे घासाघीस चालणार नाही' असंही दुकानदार सुनावतो. हुज्जत वेगळी, तिच्यात वाद असतो, आवाज चढतो आणि विषय पैशांचाच असेल असं नाही.

बाजाराबाहेरही हा शब्द सर्रास चालतो. निवडणुकीआधी युतीतल्या पक्षांची जागावाटपावरून घासाघीस चालते, तशी लग्नाच्या बैठकीत मानपानावरूनही.