दूरच्या तारानिर्मिती करणाऱ्या दीर्घिकांमधील धातूंचे प्रमाण कसे मोजतात?

दीर्घिकेतील आयनीभूत (अणूंनी इलेक्ट्रॉन गमावलेल्या) वायूतून येणाऱ्या ऑक्सिजन व हायड्रोजनच्या उत्सर्जनरेषांच्या, म्हणजे वर्णपटात ठरावीक तरंगलांबीवर दिसणाऱ्या तेजस्वी रेषांच्या, तेजाची तुलना करून हे प्रमाण काढतात. खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम वगळता सर्वच मूलद्रव्यांना धातू म्हणतात व त्यांत ऑक्सिजन सर्वांत विपुल असल्याने तोच मापदंड ठरतो. सर्वांत भरवशाच्या पद्धतीत दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या ४३६३ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचे एकक) तरंगलांबीच्या क्षीण रेषेची ५००७ अँगस्ट्रॉमच्या ठळक रेषेशी तुलना करून आधी वायूचे तापमान ठरवतात, कारण ते कळल्याशिवाय रेषेच्या तेजावरून अणूंची संख्या सांगता येत नाही. धातू वायूला थंड करतात, त्यामुळे धातुसमृद्ध दीर्घिकांत ही क्षीण रेषा जवळजवळ नाहीशी होते. अतिदूरच्या दीर्घिकांत ती अवरक्तात सरकते, आणि जेम्स वेब दुर्बिणीने २०२२ मध्ये ती सुमारे ८.५ ताम्रसृतीच्या (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशलहरी किती ताणल्या गेल्या याचे माप) दीर्घिकेतही टिपली, ही माझ्या मते या क्षेत्रातील फार मोठी झेप आहे. जिथे ती दिसत नाही तिथे केवळ ठळक रेषांच्या गुणोत्तरांवर विसंबावे लागते. मात्र अशा वेगवेगळ्या सूत्रांतून एकाच दीर्घिकेसाठी येणारी उत्तरे चार-पाच पटींनीही भिन्न असू शकतात, म्हणून दोन दीर्घिकांची तुलना नेहमी एकाच सूत्राने करावी.