दुसऱ्याचा कोड, दुसऱ्याचे फोटो: वापरण्याआधी काय तपासाल?

या वेळी आलेल्या पत्रांमधले चार प्रश्न निवडले आहेत. चारही दुसऱ्याने केलेलं काम आपण वापरण्याबद्दल आहेत.

प्रश्न : एका यंत्रमाग कारखानदारासाठी मी हिशेबाचं आणि सुताच्या साठ्याचं सॉफ्टवेअर लिहून दिलं. ठरलेले पैसे पूर्ण मिळाले. आता ते सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मी लिहिलेला मूळ मजकूर) मागताहेत. पैसे दिले म्हणजे सॉफ्टवेअर आमचंच, असं त्यांचं म्हणणं. लेखी काहीच नाही. मालकी कुणाची? (इचलकरंजी)

उत्तर : तुमची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि साहित्यकृतीचा पहिला मालक तिचा लेखक असतो. कलम १७ मध्ये याला अपवाद आहेत, त्यांतले दोन तुम्ही तपासून घ्या. पगारी नोकरीत, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड मालकाचा होतो. तुम्ही स्वतंत्रपणे, स्वतःच्या वेळेत, बिल लावून काम केलं असेल तर ही नोकरी नव्हे. दुसरा अपवाद पैसे देऊन करून घेतलेल्या कामाचा आहे. पण तो फोटो, चित्र, कोरीवकाम, चित्रपट अशा मोजक्या प्रकारांपुरता आहे आणि सॉफ्टवेअर त्यात येत नाही. फोटोग्राफरला लागू पडणारा नियम प्रोग्रॅमरला लावला जातो, तिथे बहुतेक वाद सुरू होतात.

म्हणून कारखानदाराच्या हाती काहीच नाही असं समजू नका. ज्या कामासाठी सॉफ्टवेअर घेतलं त्या कामासाठी ते वापरणं, नुकसान टाळण्यासाठी बॅकअप ठेवणं आणि त्याचं कार्य कसं चालतं याचा अभ्यास करणं, हे हक्क कलम ५२ प्रमाणे त्यांना आहेतच.

आमचं स्पष्ट मत : सोर्स कोड द्या, कॉपीराइट देऊ नका. उद्या तुम्ही उपलब्ध नसाल आणि जीएसटीचा दर बदलला, तर त्यांचं बिलिंग अडकून पडेल. त्यांची भीती रास्त आहे. दोन पानांचं लायसन्स लिहा : स्वतःच्या कारखान्यात वापरायला मुभा, कुणाही प्रोग्रॅमरकडून बदल करून घ्यायला मुभा, दुसऱ्याला विकायला किंवा द्यायला मनाई. कलम ३० प्रमाणे लायसन्स लेखी हवं. त्यावर तुमची सहीही करा.

त्यांना मालकीच हवी असेल तर तो वेगळा व्यवहार आहे, त्याचा भावही वेगळा. कलम १९ प्रमाणे हस्तांतराचा दस्त लेखी आणि सहीचा लागतो. त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि किती मोबदला हे सगळं यावं. काळ लिहायचा राहिला तर हस्तांतर पाच वर्षांचंच धरतात. प्रदेश राहिला तर फक्त भारतापुरतं. मिळालेला हक्क घेणाऱ्याने वर्षभर वापरलाच नाही तर तो संपतो, दस्तात वेगळं लिहिलं असेल तरच टिकतो. सगळ्यांत जास्त राहून जाणारी गोष्ट म्हणजे तुमचे नेहमीचे तुकडे : लॉगिन, छपाई, रिपोर्ट काढणारा भाग. ते फाइलच्या नावांसह हस्तांतरातून वगळा आणि त्यांचं फक्त लायसन्स द्या. नाहीतर पुढच्या ग्राहकाच्या कामात तुमचाच कोड तुम्हाला वापरता येणार नाही.

प्रश्न : माझ्या ॲपमध्ये गिटहबवरून (प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात त्या साइटवरून) घेतलेल्या तीन गोष्टी आहेत. एकीला एमआयटी लायसन्स आहे, एक लायब्ररी (तयार कोडचा संच) जीपीएल लायसन्सची आहे, तिसऱ्या रिपॉझिटरीत (कोडच्या फोल्डरमध्ये) लायसन्सच नाही. ॲप विकायचं आहे. काय करू? (नाशिक)

उत्तर : तिसरी आधी काढा. लायसन्स नाही याचा अर्थ सर्व हक्क लेखकाकडे राखीव आहेत. कोड सगळ्यांना दिसतो म्हणून तो सगळ्यांचा होत नाही. गिटहबच्या अटींनुसार इतरांना तो त्या साइटवर पाहता येतो आणि फोर्क करता येतो, म्हणजे स्वतःच्या खात्यात त्याची प्रत घेता येते, एवढंच. लेखकाला लिहून लायसन्सची फाइल टाकायला सांगा. उत्तर आलं नाही तर तो भाग नव्याने लिहा, आणि तोही जुनी फाइल समोर उघडी न ठेवता. व्हेरिएबलची नावं बदलून किंवा पायथॉनचा कोड जावामध्ये उतरवून सुटका होत नाही, ते रूपांतरच ठरतं.

एमआयटीचं काम सोपं आहे. कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर ॲपसोबत गेला पाहिजे. सेटिंग्जमध्ये ‘ओपन सोर्स लायसन्स’ असं एक पान करा. फाइलच्या माथ्यावरची ती ओळ ‘कोड स्वच्छ करताना’ पुसली जाते आणि मग नियम मोडतो.

जीपीएलबद्दल दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. जीपीएलचा कोड असलेलं ॲप विकता येतं, त्याला बंदी नाही. पण लायब्ररी तुमच्या ॲपमध्ये जोडून दिली की सगळं ॲप जीपीएलखाली द्यावं लागतं आणि ज्याला ॲप दिलं त्याला पूर्ण सोर्स कोड मिळण्याची सोय करावी लागते. त्या व्यक्तीला तो पुढे वाटण्याचा हक्कही मिळतो. हे चालणार नसेल तर एमआयटी, बीएसडी किंवा अपाचे लायसन्सची पर्यायी लायब्ररी शोधा. एलजीपीएल हा जीपीएलचा सौम्य प्रकार असेल तर सोर्स कोड न देणाऱ्या बंद ॲपलाही वाट असते, पण वापरणाऱ्याला ती लायब्ररी बदलून बसवता आली पाहिजे. कोड फक्त तुमच्या सर्व्हरवर चालत असेल, कुणाच्या हाती जात नसेल, तर जीपीएलची अट लागत नाही. एजीपीएल या जीपीएलच्या कडक प्रकारात मात्र तुम्ही बदल केलेला कोड नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही तो मागता येतो. अपाचे २.० चा कोड जीपीएल तीनसोबत चालतो, ‘फक्त जीपीएल दोन’सोबत चालत नाही.

आणि यादी तीनवर थांबत नाही. तुम्ही घेतलेली लायब्ररी आणखी दहा लायब्ररी ओढून आणते. बिल्ड टूलमधून (ॲप तयार करणाऱ्या साधनातून) डिपेंडन्सीचं, म्हणजे कोणती लायब्ररी कोणत्या लायब्ररीवर अवलंबून आहे याचं, पूर्ण झाड काढा, प्रत्येकीपुढे लायसन्स लिहा, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीआधी ते पुन्हा काढा. लायसन्स मधल्या काळात बदललेलं असू शकतं.

प्रश्न : मुलांसाठी अंतराळावर मराठी पुस्तक छापायचं आहे. नासा आणि इस्रोचे फोटो मोफत वापरता येतात ना? (सातारा)

उत्तर : दोघांचा हिशेब वेगळा आहे. अमेरिकी कायद्याप्रमाणे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतींना तिथे कॉपीराइट नाही, म्हणून नासाचे बहुतेक फोटो श्रेय देऊन वापरता येतात. नासाचं बोधचिन्ह मात्र मुखपृष्ठावर नको, आणि अंतराळवीराचा चेहरा जाहिरातीसारखा वापरू नका. नासाच्या साइटवरचा प्रत्येक फोटो नासाचा नसतो. ‘रोजचं खगोलचित्र’ या सदरातली कित्येक चित्रं खासगी छायाचित्रकारांची आहेत आणि त्यांची वेगळी परवानगी लागते. चित्राखालची श्रेयाची ओळ वाचल्याशिवाय ते उतरवू नका. युरोपीय अंतराळ संस्थेच्या हबल आणि वेब दुर्बिणींच्या साइटवरची चित्रं साधारणपणे सीसी बाय ४.० या, श्रेय देऊन वापरायची मुभा देणाऱ्या लायसन्सखाली असतात. तिथे दिलेलं श्रेय जसंच्या तसं, चित्राजवळ, वाचता येईल अशा टाइपात छापा.

भारतात सरकारी कृतीला कॉपीराइट आहे, प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. त्यामुळे चांद्रयान-३ चा फोटो ‘सरकारी म्हणून मोफत’ धरू नका. इस्रोच्या साइटवरच्या अटी वाचा, छापील विक्रीचं पुस्तक असल्याने लेखी परवानगी मागा आणि ते पत्र पुस्तकाच्या फाइलमध्ये ठेवा. लोकांच्या पैशातून काढलेली चित्रं शाळेच्या पुस्तकासाठी खुल्या लायसन्सखाली मिळावीत, असं आम्हाला ठामपणे वाटतं. पण तसं होईपर्यंत परवानगी घ्यायलाच हवी.

प्रश्न : चाचणी होऊन वर्षानुवर्षं चाललेला कोड नव्या यंत्रणेत तसाच वापरला तर काय बिघडतं? (नांदेड)

उत्तर : ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून उडालेलं पहिलं एरियान-५ हे युरोपीय रॉकेट पाहा. दिशा-मापन यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान-४ या आधीच्या रॉकेटवरून घेतलं होतं. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जाई, आणि त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एरियान-४ ती मर्यादा कधी ओलांडत नसे. एरियान-५ चा आडवा वेग कितीतरी झपाट्याने वाढतो, म्हणून ती ओलांडली गेली. प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांखाली ठेवण्यासाठी अशा सातपैकी तीन चलांना (व्हेरिएबलना) मर्यादा ओलांडण्यापासून संरक्षण दिलेलं नव्हतं, त्यांतलंच हे एक.

राखीव संगणकात तेच सॉफ्टवेअर असल्याने तो आधी बंद पडला, मग मुख्य. बंद पडताना पाठवलेली दोष-माहिती उड्डाण-संगणकाने खरी मोजमापं समजून इंजिनांची नोझल (ज्वाला बाहेर पडणारी तोंडं) टोकापर्यंत वळवली. उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत यान आणि त्यावरचे ‘क्लस्टर’ मोहिमेचे चार उपग्रह नष्ट झाले. सगळ्यांत बोचणारी गोष्ट ही, की तो भाग उड्डाणापूर्वीच्या जुळवणीसाठी होता. एरियान-५ ला उड्डाणानंतर त्याची गरजच नव्हती.

तेव्हा जुना कोड घेताना प्रत्येक चलाची कमाल-किमान मर्यादा लिहून काढा, नव्या यंत्रणेचे खरे आकडे घालून चाचणी करा, न लागणारा भाग काढून टाका. राखीव यंत्रणा वेगळी हवी असेल तर तिचं सॉफ्टवेअरही वेगळं हवं. तयार कोड वापरूच नये असं मात्र नाही : नासाच्या मंगळावरच्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरनेही लिनक्स आणि नासाच्याच जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची ‘एफ प्राइम’ ही सॉफ्टवेअरची तयार चौकट वापरून १९ एप्रिल २०२१ पासून ७२ उड्डाणं केली, म्हणजे नेमलेल्या पाचापेक्षा कितीतरी जास्त. एफ प्राइम अपाचे २.० खाली खुली आहे आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरही चालते. आकडे बदलून यंत्रणा कुठे कोसळते हे तुम्ही स्वतः करून पाहू शकता.