सायकलिंग शूजमध्ये टाच नीट बसत नाही, कसे शूज घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की क्लीटचे (म्हणजे तळाला पेडलमध्ये अडकणारा तुकडा बसवतात ते) शूज चवड्याला ठीक वाटले, पण दुकानात चालताना टाच उचलली जात होती, मग एक नंबर लहान घ्यावा का? नको. चालून पाहून तर ठरवूच नका. या शूजचा तळ नायलॉनचा किंवा कार्बनचा असतो. पाय वाकतो, तळ वाकत नाही, म्हणून चालताना टाच थोडी सुटणारच. खुर्चीत बसा, कुणाला तरी शूजचा पुढचा भाग घट्ट धरायला सांगा आणि पेडल वर ओढल्यासारखी टाच ओढा. तेव्हा सुटली तर तो शूज तुमचा नाही.

माझ्या पाहण्यात टाच सुटण्याचं मूळ बहुतेकदा पुढे असतं. चवडा रुंद, टाच निमुळती; करंगळीला चिमटा बसतो म्हणून लोक एक नंबर मोठा घेतात. युरोपियन मापात एका नंबराला लांबी साधारण साडेसहा मिलिमीटर वाढते. पाय पुढेमागे सरकू लागतो आणि टाचेला फोड येतात. त्यापेक्षा त्याच नंबरात 'वाइड' मागा. शिमानो कंपनीच्या आरसी३ सारख्या मॉडेलमध्ये ते मिळतं, लेक (Lake) कंपनीकडेही रुंद साचे आहेत. सिडी (Sidi) कंपनीच्या वरच्या मॉडेल्सना टाचेचा कप स्क्रूने आवळता येतो. महाग आहेत, पण टाच फारच बारीक असेल तर पैसे वसूल.

टाच घासत असेल तर मात्र दुखणं वेगळं. शूज आडवा धरून मागची कड बघा. ती आत वळलेली असेल आणि तुमच्या टाचेच्या हाडाला मागे उंचवटा असेल, तर बरोबर तिथेच टोचेल. ‘चार दिवसांत सैल होईल’ असं दुकानदार सांगेल, त्यावर जाऊ नका. चामड्याची चप्पल सैलावते, हा प्लास्टिकचा कडक कप सैलावत नाही.

घालताना टाच मागे ठोकून आधी घोट्याजवळची डायल किंवा पट्टा आवळा, बोटांकडचा सैलच ठेवा. टाचेला मागे धरून ठेवतो तो वरचाच. तळव्याची कमान उंच असेल तर आधार देणारा इनसोल घाला, त्यानेही बराच फरक पडतो.

एकाच पायाची टाच घासत असेल तर शूजआधी क्लीटचा कोन तपासा. शिमानोच्या रोड पेडलची पिवळी क्लीट पायाला सहा अंश फिरू देते, लाल अजिबात नाही. पायाला वळायचंय आणि क्लीट वळू देत नाही, मग टाच शूजच्या आतच पिळली जाते.

माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सायकलिंगचेच मोजे घालून, दोन्ही पाय मोजा. ऑनलाइन मागवले तर घरात अर्धा तास घालून बसा आणि खात्री झाल्याशिवाय क्लीट लावू नका. तळाला स्क्रूच्या खुणा पडल्या की परत घेणं कठीण.